कानस ठेवा, चिंधी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या जुन्या शिकारी रायफलींची निगा कशी राखावी यावर लेख आला. मराठी वर्तमानपत्रांत या विषयाला सहसा कोणी हात घालत नाही, तेव्हा आपण तो घातलात याबद्दल आधी अभिनंदन. नळी पुसण्याचा भाग बरा आहे. पण शेवटच्या दोन परिच्छेदांत लेखकमहाशयांचा हात सुटला आहे. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) जड चालत असेल तर मोटार मेकॅनिककडची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून तो मागेपुढे करावा, बोल्टचे लग (त्याला बंद धरून ठेवणारे दात) एमरी पेपरने घासून गुळगुळीत करावेत, आणि चाप जड वाटला तर आतल्या खाचेवरूनही ‘हलका हात फिरवावा’, असं त्यांनी लिहिलं आहे. कोणी भाबडा वाचक हे करून बसायच्या आत हे पत्र छापावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची तर माझ्या स्वभावावरच्या ओळींना लावा, लगांवरच्या मजकुराला लावू नका.

मी फौजेत ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर (बंदुकांचा कारागीर) होतो. उभी हयात बंदुका खोलण्यात, पुसण्यात आणि परत जोडण्यात गेली. गोळ्या त्या मानाने कमीच झाडल्या. निवृत्तीनंतर ग्वाल्हेरला लष्कर भागात वडिलांच्या घरी राहतो. शेजारपाजारचे, नात्यातले, मुरार-डबऱ्याकडचे ओळखीचे लोक ‘उस्ताद, जरा बघून सांगा’ म्हणत येतात. दुरुस्तीचा परवाना माझ्याकडे नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय धंदा म्हणून दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मी स्क्रूड्रायव्हर हातात धरत नाही. मालकाने स्वतःचं हत्यार स्वतः उघडायचं आणि मी खुर्चीत बसून सांगायचं, असा शिरस्ता आहे. काहींना तो तऱ्हेवाईकपणा वाटतो. वाटो.

शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंद झाली, मग शिकारी रायफलींची चर्चा कशाला, असं पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या काळी शिवपुरीच्या ज्या रानात हाके होत, तिथे मार्च २०२५ पासून माधव व्याघ्र प्रकल्प आहे, आणि ते उत्तम झालं. पण रायफली काही जंगलाबरोबर सरकारजमा झाल्या नाहीत. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना हा परवान्यांचा मुलूख. जुन्या सरदार-मानकऱ्यांच्या घरात आजोबांची मॉझर घाटाची रायफल असते, शेतकऱ्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल असते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हा घराघरांत काय ठेवायचं आणि काय द्यायचं याचे वाद झाले. बहुतेक ठिकाणी आजोबांचं राहिलं. वर्षानुवर्षं ते कपाटात उभं असतं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं (तेही पुसून काढायचं असतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही), आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बोल्ट ओढून बघावा तर तो कुरकुरत, अडत, दोन हातांनी येतो. मग लोक ‘ॲक्शन स्मूथ करून द्या’ (ॲक्शन म्हणजे बोल्टची सगळी यंत्रणा) म्हणत हिंडू लागतात.

माझं म्हणणं एवढंच, की जड चालणाऱ्या बोल्टांपैकी बहुतेकांना घासण्याची गरजच नसते. त्यांना पुसण्याची गरज असते. उरलेल्यांत एखादा स्क्रू तरी लांब असतो, नाहीतर काडतुसं उलटसुलट भरलेली असतात. खरोखर धातू काढावा लागेल अशी रायफल क्वचितच येते, आणि ती घरी घासायची नसते.

रायफल समोर आली की मी आधी मॅगझिन काढायला सांगतो, मग बोल्ट उघडायला, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघायला आणि करंगळी घालून चाचपायला. काडतुसांची डबी दुसऱ्या खोलीत. हे झाल्याशिवाय मी पुढे बोलत नाही. मग विचारतो, जड म्हणजे नेमकी कुठे जड? बोल्टच्या चार हालचाली आहेत: मूठ वर, मागे, पुढे, मूठ खाली. चारांपैकी कुठे अडतं ते बोटांना कळतं, आणि तिथेच अर्धं निदान होतं.

मूठ वर उचलताना जोर लागतो आणि बाकी प्रवास मोकळा आहे, असं मॉझर घाटात असेल तर त्यात बिघाड काही नाही. मॉझरची १८९८ ची रचना मूठ उचलतानाच फायरिंग पिनची (काडतुसावर घाव घालणाऱ्या सुईची) स्प्रिंग दाबून घेते, तो जोर स्प्रिंगचा आहे. बोल्टच्या मागच्या टोकाला तिरकी खाच असते, त्या उतारावरून कॉकिंग पीस (पिनला मागे जोडलेला तुकडा) चढतो. हा उतार कोरडा असला तर हाताला करकर लागते. तिथे मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा आणि पुन्हा उचलून बघा. ईशापूरची .३१५ ही इंग्रज फौजेच्या ली-एन्फील्ड रायफलीच्या घाटाची. तिची मूठ हलकी उचलली जाते, पण पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात हाताला रेटा लागतो, कारण ती बोल्ट बंद होताना कॉक होते, म्हणजे तिची स्प्रिंग तेव्हा दबते. आयुष्यभर मॉझर हाताळलेला माणूस .३१५ घेतो आणि ‘कारखान्यातूनच खराब आली’ म्हणतो, त्याचं कारण हे. त्या रेट्यावर इलाज नाही, सवय आहे.

मागे ओढताना पूर्ण लांबीभर खरखर लागत असेल तर बोल्ट ज्या पट्ट्यांवरून धावतो तिथे घाण आहे. रिकामा बोल्ट लोण्यासारखा येतो आणि झाडलेलं काडतूसच तेवढं अडकतं, तर दोष बोल्टचा नव्हे. चेंबर गंजून खडबडीत झालं आहे, नाहीतर काडतूस तरी चुकीचं किंवा फार जुनं आहे. अशा वेळी बोल्ट कितीही चकाकवला तरी उपयोग नाही, आणि मुठीवर हातोडी मारणाऱ्याला तर माझ्या दारातून परत जावं लागतं.

पुढे ढकलताना मध्येच ठेच लागते, ही .३१५ वाल्यांची हुकमी तक्रार. या काडतुसाची वंशावळ ऑस्ट्रियाच्या मॅनलिकरच्या ८ मि.मी. काडतुसापर्यंत जाते. इंग्रजांच्या अमलात .३०३ हे फौजेचं काडतूस म्हणून नागरिकांना मना होतं, म्हणून इथे हे .३१५ रुजलं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे यावी लागते. उलटं झालं, वरची कड खालच्या कडेच्या मागे अडकली, की बोल्ट वरचं काडतूस ढकलतो, ते खालच्याला ओढू बघतं आणि सगळं ठप्प होतं. मालकाला वाटतं ॲक्शन जड आहे. त्याला समोर बसवून काडतुसांसारखीच डमी (बिनदारूची खोटी काडतुसं) मॅगझिनमध्ये एकेक करून, प्रत्येकाची कड आधीच्याच्या पुढे ठेवत भरायला लावावीत, आणि मग बोल्ट मारायला सांगावा. चेहरा बघण्यासारखा होतो. खर्च शून्य.

मूठ खाली बसताना अडत असेल तर मॉझर घाटात लग जिथे जाऊन बसतात त्या पुढच्या खोबणीत बघा. चेंबरच्या तोंडाशी, आत वळून गेलेली ही जागा नळीच्या ब्रशला सापडत नाही. बांबूची बारीक काडी टोकाला किंचित वाकवून तिला चिंधी गुंडाळा, रॉकेलमध्ये बुडवा आणि ती खोबणी गोल फिरवून पुसा. पहिली चिंधी काळी येईल, दुसरी तपकिरी, मग कधीतरी पितळेचे बारीक कण निघतील. ते कण तिथे बसून लग पूर्ण फिरू देत नव्हते. ली-एन्फील्डचे लग मागे असतात, ती जागा पुसायला सोपी. चिखलामातीच्या लढायांत ती रायफल नावाजली त्यात या रचनेचाही वाटा होता.

आता तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण ग्वाल्हेरच्या मराठी घरांतलं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे. आपल्याकडे गंज दिसला की हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजतं. कोकणात चालून जाईल. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा तीन-चार अंशांवर येतो. पुसलेला बोल्ट सकाळी पांढऱ्या मेणात रुतलेला असतो. बाहेरून तो पुसता येतो, पण बोल्टच्या पोटात, फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवती जे थिजतं ते दिसत नाही. पिन मंद पडते, काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर पुरेसा घाव बसत नाही, ‘टिक’ होऊन गोळी सुटत नाही. (अशा वेळी घाईने बोल्ट उघडू नये. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबावं, कारण उशिरा पेटणारं काडतूस हा ऐकीव बागुलबुवा नाही.) आमचे हिंदी भाषक शेजारी सरसों का तेल लावतात. ते थिजत नाही, पण हवेने सुकून चिकट पिवळं रोगण होतं, आणि एक उन्हाळा गेला की नखाने खरवडावं लागतं. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला चांगलं, पोलादाला तितकंच वाईट, कारण तेही सुकून साय धरतं. शिवणयंत्राचं पातळ खनिज तेल चालतं. बंदुकीसाठी म्हणून मिळणारं तेल असेल तर उत्तमच.

आणि तेही किती? चिंधीवर दोन थेंब घेऊन बोल्ट पुसायचा आणि मग कोरड्या चिंधीने पुन्हा पुसायचा. बोटाला ओशट लागलं पाहिजे, डोळ्यांना ओलं दिसता कामा नये. मे महिन्यात इथे आंधी येते तेव्हा बंद कपाटातल्या साडीच्या घडीतही धूळ सापडते. तेलाने निथळणाऱ्या बोल्टवर ती धूळ बसली की आपल्या लेखकमहाशयांची ग्राइंडिंग पेस्ट घरबसल्या, फुकटात तयार. ग्रीस लावायचं ते दोनच जागी, कॉकिंगच्या उतारावर आणि लगांच्या मागच्या बाजूला, जिथे खरा भार येतो. चेंबरमध्ये आणि बोल्टच्या तोंडावर काही नको, गोळी झाडायच्या आधी तर ते कोरडेठाक पाहिजेत. काडतुसाचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं आणि मागचा रेटा थोडा झेलतं. भिंत तेलकट असली की ती पकड सुटते आणि जादा भार बोल्टवर येतो.

सफाईचा क्रम सोपा आहे. बोल्ट काढा. ली-एन्फील्ड घाटात पूर्ण मागे ओढून बोल्टचं डोकं वर उचललं की तो सुटतो. मॉझर घाटात डाव्या बाजूचा थांबा बाहेर ओढून धरला की मागे सरकत बाहेर येतो. ली-एन्फील्डचं डोकं आट्यांनी बसवलेलं असतं, ते फिरून सैल झालं असेल तर परत घालताना पूर्ण बसवा, आणि दुसऱ्या रायफलीचं डोकं चुकूनही लावू नका. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइनही चालतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ देवघरातला दिवा किंवा विडी नको. जुना दात घासायचा ब्रश, बांबूच्या काड्या, सुती धोतराच्या चिंध्या, एवढं सामान पुरतं. एक्स्ट्रॅक्टरच्या (झाडलेलं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली काड्यापेटीतली काडी टोकदार करून फिरवा, तिथे पितळेचा चुरा दाबून बसलेला असतो. रॉकेलने धुतलेलं पोलाद तसंच ठेवलं तर चार दिवसांत लाल पडतं, म्हणून लगेच कोरडं करून तेलाचा हात.

एवढं करून बोल्ट परत घाला. शंभरातले बरेचसे इथेच मोकळे होतात, आणि मालक माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मी काही लपवून ठेवलं होतं.

तरीही अडतच असेल तर कानसेआधी काळी शाई. बोल्ट कोरडा करून त्यावर मार्कर पेनने शाई फासा, ती वाळू द्या, बोल्ट आत घालून थोडा वेळ मागेपुढे करा आणि बाहेर काढा. जिथे घासतं तिथली शाई गेलेली असते. गेल्या हिवाळ्यात एक शिक्षक त्यांच्या वडिलांची .३०-०६ काडतुसाची रायफल घेऊन आले होते. रायफल वर्षानुवर्षं ठीक चालत होती, दुर्बीण बसवून घेतल्यापासून मूठ खाली जाईना. जिथून दुर्बीण बसवली त्या दुकानात म्हणे ‘बोल्ट सुजला आहे, घासावा लागेल’ असं सांगितलं होतं. पोलाद सुजतं हे मी प्रथमच ऐकत होतो. शाई लावायला सांगितली. बोल्ट बाहेर आला तेव्हा सगळीकडे काळा, फक्त डाव्या लगाच्या माथ्यावर तांदळाएवढी चकचकीत पांढरी जागा, आणि तिच्यामागे केसासारखी बारीक एक रेघ. वरून टॉर्च मारून आत पाहिलं तर दुर्बिणीच्या पट्टीच्या पुढच्या स्क्रूचं टोक छतातून एक आटा खाली आलेलं. स्क्रू लांब होता, एवढंच. मास्तरांनी तो काढला, बोल्ट एका बोटाने बंद झाला. परवानाधारक कारागिराकडून तो आखूड करून घ्या म्हटलं, घेतला. त्या दुकानाचं ऐकून लग घासला असता तर चांगली रायफल कायमची गेली असती. दस्ता काढून परत बसवला की त्याच्या पुढच्या स्क्रूचंही असंच होतं, तो जास्त आत गेला तर खालून लगाला टेकतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा हे स्क्रू आणखी पिळून बसवायचा मोह आवरावा.

लग का घासायचे नाहीत, ते आता सांगतो. .३०-०६ च्या चेंबरमधला दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो, आणि तो गाल-कपाळाशी येऊ न देण्याचं काम ते दोन दात करतात. त्यांच्या पोलादावर कडक केलेली कातडी असते, फार पातळ. एमरीने ती एका लगावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी गेली की दोन्ही लग एकसारखे टेकत नाहीत, सगळा भार एकावर येतो. शिवाय बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा वाढते. आम्ही तिला हेडस्पेस म्हणतो आणि गेजने मोजतो. फौजेतल्या .३०३ साठी किमान माप ०.०६४ इंच आणि जास्तीत जास्त ०.०७४ इंच असे. म्हणजे चांगली रायफल आणि बाद रायफल यांच्यात उणापुरा पाव मिलिमीटर. .३१५ ची आणि .३०-०६ ची मापं वेगळी, पण सवलत इतकीच चिंचोळी. एमरी पेपर हातात घेतलेल्या माणसाला पाव मिलिमीटर दिसत नाही. जागा वाढली की काडतूस ताणतं, कधी बुडाशी फाटतं, आणि तापलेला वायू मागे, तोंडाकडे येतो.

ग्राइंडिंग पेस्टचं दुखणं आणखी छुपं आहे. तिचे कडक कण पोलादात रुतून बसतात आणि धुतल्यावरही कापत राहतात. चांगले बंदूकसाज बोल्टच्या पट्ट्यांवर अगदी बारीक दाण्याची पेस्ट वापरतात, नाही असं नाही. पण ते लगांना झाकून, मोजून, पुन्हा पुन्हा धुऊन, शेवटी गेज लावून देतात. ते काम दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच द्यावं आणि ‘गेज लावून दाखवा’ असं तोंडावर म्हणावं. गेज नाही म्हणाला तर रायफल उचलून घरी आणावी.

चापाच्या खाचेबद्दल एकच वाक्य पुरे. ती खाच घासलेली रायफल बोल्ट आपटून बंद केला, किंवा जमिनीवर टेकली, तरी सुटू शकते, आणि ‘हलका हात’ म्हणजे किती हे आपल्या लेखात दिलेलं नाही, कारण ते देता येत नाही.

मग घरच्या घरी बोल्ट गुळगुळीत होतो की नाही? होतो, वापराने. स्वच्छ बोल्ट, लगांमागे ग्रीस, पट्ट्यांवर तेलाचा पुसट हात, चेंबरमध्ये स्प्रिंगवालं डमी काडतूस, आणि दार लावून रोज थोडा वेळ पूर्ण मागे, पूर्ण पुढे. चार दिवसांनी सगळं पुसून काढा, काळं तेल येईल. ती घासलेली टोकं आहेत. पुन्हा ताजं तेल. महिन्या-दोन महिन्यांत फरक बोटांना कळतो, आणि धातू नेमका तिथूनच गेलेला असतो जिथून जायला हवा होता. मॅनलिकर-शोनाउअरच्या जुन्या रायफलींची ॲक्शन अजून नावाजली जाते, ती कारखान्यातल्या कामगारांच्या हातांमुळे. ते हात आपल्याकडे नाहीत, वेळ मात्र आहे.

आता एक गाऱ्हाणं, जे आपल्या लेखात यायला हवं होतं. आमच्याकडे रायफल बिघडते ती रानात नव्हे, निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. २०२३ च्या ऑक्टोबरात विधानसभेची लागली, ती संपते न संपते तोच २०२४ च्या १६ मार्चला लोकसभेची लागली आणि ६ जूनपर्यंत राहिली. हत्यारं जमा करण्याला माझी हरकत नाही. ज्या भागात लग्नाच्या वरातीत गोळ्या झाडण्याची हौस आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवूनही ती हौस पुरती फिटलेली नाही, तिथे निवडणुकीत हत्यारं कुलपात असलेली बरी. पण ती परत येतात तेव्हा काहींची नळी तपकिरी असते, आणि एका ओळखीच्या गृहस्थांच्या हातात तर दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट आला होता. बोल्ट बसला, बंदही झाला, म्हणून त्यांना वाटलं चाललं. हेडस्पेसचं वर लिहिलंय, ते पाहता दुसऱ्याचा बोल्ट बसतो हीच धोक्याची गोष्ट. त्यांना तसंच परत पाठवलं, तिथल्या माणसांनी शोधून दिला.

म्हणून जमा करणाऱ्यांनी पुढचं जरूर करावं. पावतीवर रायफलीच्या क्रमांकाबरोबर बोल्टवरचा क्रमांकही लिहून घ्यावा. देण्याआधी पूर्ण सफाई करावी आणि स्प्रिंग सोडून ठेवावी. नळीत आणि बोल्टवर पातळ ग्रीसचा थर द्यावा, आणि चापाच्या कडीला ‘नळीत ग्रीस आहे’ अशी चिठ्ठी बांधावी. परत आल्यावर पहिली गोष्ट ती नळी कोरडी पुसणं, कारण ग्रीस भरलेल्या नळीतून गोळी झाडली तर दाब भलताच वाढतो. चामड्याच्या खोळीत ठेवून देऊ नये. चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली रसायनं पोलाद खातात. वर्तमानपत्रातही गुंडाळू नये. क्षमस्व, संपादक महाशय, पण आपला कागद तेल शोषून घेतो आणि ओल देऊन टाकतो. घरी उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली, म्हणजे ओघळलेलं तेल दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. आणि जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना विनंती, की जमा करण्याचा अवधी लांबला तर महिन्यातून एकदा मालकाला तिथेच, शिपायाच्या देखत, आपलं हत्यार पुसू द्यावं. चिंधी आणि तेल आम्ही आणू.

राहता राहिलं छायाचित्र. लेखासोबतच्या चित्राखाली ‘ईशापूरची .३१५’ असं छापलं आहे. चित्रातल्या बोल्टच्या अंगाला लांब पट्टीचा एक्स्ट्रॅक्टर साफ दिसतो आहे आणि मूठ मागे सरळ आडवी आहे, म्हणजे ती मॉझर घाटाची रायफल. एरवी मी याबद्दल पत्र लिहिलं नसतं. पण दोन्हींचा बोल्ट काढायची रीत वेगळी आहे, आणि लेखातली रीत चित्रातल्या रायफलीची आहे. .३१५ वाला ती वाचून नसलेला थांबा शोधत बसेल आणि शेवटी पक्कड आणेल. येत्या रविवारी त्याच पानावर, चित्राच्या आकाराच्या चौकटीत दुरुस्ती द्यावी. आतल्या पानावरच्या दोन ओळी कोणी वाचत नाही.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
लष्कर, ग्वाल्हेर
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, छापू नये.)